स्प्रिंग ट्रेनिंग बघायला ॲरिझोनाला जावं का? कुठलं पार्क चांगलं?

शेवगा
नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. मुलगा अकरा वर्षांचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स या बेसबॉल संघाचा कट्टर चाहता, आणि यंदा मार्चमध्ये स्कॉट्सडेलला स्प्रिंग ट्रेनिंग बघायला जायचंच असं त्याने डोक्यात घेतलंय. नेमके त्याच सुमारास सासूसासरे सांगलीहून येतायत, म्हणजे गेलो तर सगळेच जाणार. सासऱ्यांनी नोकरी सांभाळून कितीतरी वर्षं जिल्ह्यातल्या क्रिकेट सामन्यांना अंपायर म्हणून काम केलंय, बेसबॉल मात्र कधी धड पाहिलेला नाही. सासूबाईंना खेळाशी देणंघेणं नाही पण चार माणसांत बसायला, नवीन गाव बघायला फार आवडतं.

तर प्रश्न असा की ज्या सामन्यांचे निकाल कुठेच धरत नाहीत ते बघायला एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का? सॅन फ्रान्सिस्कोचं मैदान आम्हाला जवळ आहे, एप्रिलमध्ये खरा सामना बघता येईलच. माझं मन जायच्या बाजूने आहे, मुलाला हे खेळाडू जवळून बघायचेत आणि तेही आजोबांबरोबर. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा. किती दिवस पुरतात, कुठलं पार्क, उन्हाचं काय, सत्तरीतल्या माणसांना झेपेल का.

लेग_बाय
डोंबिवलीत बसून वाचतोय. स्प्रिंग ट्रेनिंग म्हणजे नक्की काय ते आधी कुणीतरी सांगा राव, म्हणजे आम्हालाही मधेमधे बोलता येईल.

निवडुंग_८५
@लेग_बाय, मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, ३० संघ. हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो पण तोवर उत्तरेकडे अजून थंडीच असते, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून सगळे उबदार भागात सरावाला येतात. १५ संघ ॲरिझोनात, १५ फ्लोरिडात. इकडची कॅक्टस लीग, तिकडची ग्रेपफ्रूट लीग. आधी पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसून तो झेलणारे) येतात कारण पिचरचा खांदा तयार व्हायला वेळ लागतो, काही दिवसांनी बाकीचे, आणि मग महिनाभर आपापसात सराव सामने. गुणतक्ता वगैरे असतो पण त्याला कुणी विचारत नाही, सामना बरोबरीत सुटला तरी सगळे आनंदाने घरी जातात.

@शेवगा, मी फीनिक्सजवळ चँडलरला राहतो आणि माझं उत्तर सरळ आहे, जा. पण माझं ऐकाल तर दुपारच्या सामन्याइतकाच सकाळचा सराव महत्त्वाचा धरा. मुख्य स्टेडियमच्या मागे सरावाची मैदानं असतात, त्यांना बॅकफील्ड म्हणतात, बऱ्याच पार्कांत ती सकाळी लोकांना खुली असतात आणि तिकीटही नसतं. खरी मजा तिथे आहे. बुलपेनच्या, म्हणजे पिचर सराव करतात त्या जागेच्या, जाळीशी उभे राहा. पिचर तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, ताशी ९५ मैलांनी चेंडू टाकतोय आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये तो बसल्याचा आवाज असा काही येतो की टीव्हीवर आयुष्यभर बघून तो कळणार नाही. शेजारी कोच उभा असतो, दोन चेंडूंच्या मधे हळू आवाजात काहीतरी सांगतो, मनगट, पाऊल, खांदा, आणि पुढचा चेंडू खरंच वेगळा पडतो. पलीकडच्या मैदानात दुसरा कोच फंगो घेऊन उभा, फंगो म्हणजे लांब हलकी बारीक बॅट, फक्त झेल आणि ग्राउंडर (जमिनीवरून जाणारे चेंडू) देण्यासाठी बनवलेली. हवा तिथे, हव्या त्या उंचीवर चेंडू पाठवतात ते, शंभरदा. मग पिचर लोकांचा सराव, पीएफपी म्हणतात त्याला: चेंडू टाकला की पहिल्या बेसकडे, म्हणजे बॅटरने धावत गाठायच्या पहिल्या टप्प्याकडे, धाव, पळता पळता थ्रो घे, पायाने बेस शिव. कोट्यवधी डॉलर मिळवणारा माणूस आणि कालच कॉलेजातून आलेला पोरगा एकाच रांगेत उभे राहून हेच करत असतात. तुमच्या सासऱ्यांना हे सगळं न सांगता कळेल बघा, ज्याने मैदानात दिवस काढलेत त्याला मेहनत लगेच ओळखू येते.

फक्त एक गोष्ट आधी कळवून ठेवतो. स्कॉट्सडेल स्टेडियम जुन्या गावाच्या अगदी मधोमध आहे, त्यामुळे तिथे मागे जागा कमी. जायंट्सच्या मायनर लीगची, म्हणजे खालच्या स्तरावर तयार होणाऱ्या खेळाडूंची, मैदानं पापागो पार्ककडे आहेत. मनसोक्त बॅकफील्ड बघायचे असतील तर एक सकाळ सॉल्ट रिव्हर फील्ड्सला काढा, डायमंडबॅक्स आणि रॉकीज दोघांचं घर, मागे बारा मैदानं. किंवा ग्लेनडेलला कॅमलबॅक रँच.

उगाच_आपला
विरोधी मत नोंदवतो. आम्ही गेलो होतो. हॉटेलांचे मार्चमधले दर ऐकून घाम फुटतो. ज्या खेळाडूसाठी मुलगा नाचत होता तो दोन वेळा बॅटिंग करून नऊपैकी चौथ्या-पाचव्या इनिंगला बॅग उचलून निघून गेला, आणि मग मैदानात ९४ नंबर, ८७ नंबर, पाठीवर धड नावही नाही अशी मुलं. पहिल्या फळीचा पिचर सुरुवातीच्या आठवड्यात दोन इनिंग टाकतो. एकेका दिवशी तर संघ अर्धा-अर्धा वाटून दोन गावांत दोन सामने खेळतो, तुमचा आवडता नेमका दुसऱ्या गावात. तेवढ्या पैशात सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑरॅकल पार्कला चांगल्या जागेवरून खरे सामने बघा, समोर खाडी, जेवण चांगलं, आणि सामन्याला काही अर्थ असतो.

दुसरी_इनिंग
@उगाच_आपला, तुमचं म्हणणं दराबाबतीत शंभर टक्के बरोबर. पण ९४ नंबरच्या मुलांबद्दल नाही पटलं.

मी मेसामध्ये राहते, निवृत्त झाले आहे आणि मार्च महिना माझा या मैदानांवर जातो. मला सातव्या-आठव्या इनिंगचीच ओढ असते. त्या मुलांपैकी बहुतेकांना मेजर लीगचा गणवेश आयुष्यात तेवढाच अंगावर मिळणार असतो. कोच नवव्या इनिंगला नाव पुकारतो आणि पोरगा असा पळत सुटतो बॅट घेऊन! आईवडील कुठल्यातरी गावातून गाडी चालवत आलेले असतात, स्टँडमध्ये त्यांना ओळखायला वेळ लागत नाही, एकच कुटुंब उभं असतं. एकदा माझ्या शेजारी अशीच एक बाई होती, डोमिनिकन, तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि मला स्पॅनिश नाही, तिच्या मुलाने बेस ऑन बॉल्स मिळवला, साधा वॉक, म्हणजे चार चेंडू हद्दीबाहेर पडले म्हणून मिळालेला पहिला बेस, तर तिने माझा हात घट्ट धरला. ते मी विसरणार नाही.

आणि हेही माहीत असू द्या की या मायनर लीगच्या मुलांना वर्षानुवर्षं स्प्रिंग ट्रेनिंगचा पगार मिळत नव्हता. २०१४ ला खेळाडू कोर्टात गेले, २०२२ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला तेव्हा कुठे पगार बरे झाले. त्यामुळे ‘नाव नसलेली मुलं’ म्हटलं की मला बोलावंसं वाटतं.

शेवगा
@दुसरी_इनिंग, वाचून डोळ्यात पाणी आलं. सासूबाईंना हे वाचून दाखवते आज.

लेग_बाय
हे म्हणजे आपल्या कांगा लीगसारखं वाटतंय. भर पावसात आझाद मैदानावर एका बाजूला रणजी खेळलेला माणूस आणि दुसरीकडे शाळेतलं पोरगं, निकाल कोण विचारतो, पण ज्याला क्रिकेट कळतं तो छत्री घेऊन उभा असतो.

हरबऱ्याचं_झाड
+१ दुसरी_इनिंग. बाकी कॅक्टस, ग्रेपफ्रूट ही नावं कुणी दिली? कोकणात भरवली तर फणस लीग होईल.

टांपाकर
@हरबऱ्याचं_झाड, ग्रेपफ्रूट नावामागे एक किस्सा सांगतात तो ऐका. १९१५ साली ब्रुकलिनचा संघ फ्लोरिडात डेटोना बीचला होता, मॅनेजर विल्बर्ट रॉबिन्सन. विमानातून टाकलेला चेंडू मी झेलून दाखवतो म्हणाला. रूथ लॉ नावाची वैमानिक बाई विमान घेऊन वर गेली, आणि चेंडूऐवजी खाली आलं ग्रेपफ्रूट. ते फुटलं रॉबिन्सनच्या अंगावर, रस सगळीकडे, आणि त्याला वाटलं की रक्तच आलं, मेलो म्हणून ओरडला. नाव तिथूनच पडलं असं म्हणतात.

हरबऱ्याचं_झाड
फणस लीग रद्द. माणूस शिल्लक राहणार नाही.

टांपाकर
हाहा. आता मुद्द्यावर. @शेवगा, तुमचा संघ ॲरिझोनात आहे म्हणून ठीक, पण इतिहास बघायचा असेल तर फ्लोरिडा. ब्रॅडेंटनचं मैदान १९२३ चं आहे, पायरट्स तिथे १९६९ पासून येतात. लेकलँडला टायगर्स १९३४ पासून. फोर्ट मायर्सला रेड सॉक्सने २०१२ मध्ये पार्क उघडलं ते थेट फेनवेच्या, म्हणजे त्यांच्या बॉस्टनमधल्या मैदानाच्या, मापाचं, डाव्या बाजूची उंच हिरवी भिंतसुद्धा आहे, बॉस्टनचे म्हातारे लोक तिथे बसून जुन्या गोष्टी सांगतात, ऐकत राहावं. आणि समुद्र आहेच संध्याकाळी.

निवडुंग_८५
टांपाकर, इतिहास मान्य. पण फोर्ट मायर्सहून टांपाला यायला दोन-अडीच तास, पूर्व किनाऱ्यावरचे संघ तर आणखी लांब. इथे १५ संघ, १० पार्कं, सगळी एका महानगरात. दुपारी एकला एक सामना आणि संध्याकाळी दुसऱ्या पार्कात दुसरा, असं आरामात होतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन हिंडायचं तर हा फरक फार मोठा आहे. आणि मार्चमध्ये इथे पाऊस जवळजवळ नाही, संत्र्याच्या झाडांना मोहोर आलेला असतो, संध्याकाळी गाडीची काच खाली केली की सगळीकडे तोच वास.

सातबारा
इतिहास निघालाय तर लिहितो, मोठं होईल, माफी असावी. स्प्रिंग ट्रेनिंगचा इतिहास हा अमेरिकेतल्या वर्णभेदाचाही इतिहास आहे आणि तो मुलाला जरूर सांगा.

कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद असलेल्या मेजर लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन आला १९४७ ला, पण त्याची पहिली कसोटी लागली त्याच्या आदल्या वर्षीच्या स्प्रिंगमध्ये, फ्लोरिडात. तो तेव्हा डॉजर्सच्या माँट्रियलमधल्या मायनर लीग संघात होता. सॅनफर्ड गावातून त्याला धमक्यांमुळे निघावं लागलं. जॅक्सनव्हिलने सामना होऊ नये म्हणून मैदानाला कुलूप घातलं. डेटोना बीचने मात्र खेळू दिलं, १७ मार्च १९४६. त्या मैदानाला आज त्याचं नाव आहे.

आता कॅक्टस लीग. १९४७ मध्ये क्लीव्हलँड टक्सनला आणि न्यूयॉर्क जायंट्स फीनिक्सला आले, तिथून ही लीग धरतात. क्लीव्हलँडचा मालक बिल व्हेक याने नंतर सांगितलं की फ्लोरिडात, ओकाला गावात, तो कृष्णवर्णीय लोकांच्या स्टँडमध्ये जाऊन बसला तर त्याला उठवायला शेरीफ आला, आणि तेव्हाच त्याच्या मनाने घेतलं की आपला संघ इथे ठेवायचा नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने लॅरी डोबीला संघात घेतलं, मेजर लीगच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

उगाच_आपला
@सातबारा, चांगली माहिती. पण व्हेकची टक्सनजवळ स्वतःची जमीनजुमला, रँच होती ना? माणूस घराजवळ संघ घेऊन आला असंही म्हणता येईल. आणि ॲरिझोना काही स्वर्ग नव्हता.

सातबारा
रँच होती, बरोबर. दोन्ही कारणं असू शकतात, मी फक्त त्याने जे सांगितलं ते लिहिलं. आणि ॲरिझोनाबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं. १९४८ च्या स्प्रिंगमध्ये डोबीला टक्सनमध्ये संघाच्या हॉटेलात खोली मिळाली नाही. सगळे सहकारी हॉटेलात आणि हा गावातल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली आणि त्यात डोबीचा होमरन होता. हे वाचताना मला दर वेळी राग येतो आणि अभिमानही वाटतो.

चिमणचारा
शेवगा, स्टेडियमपेक्षा पोटाचं विचारते. सासूसासरे उपासतापास, शाकाहार वगैरे? सामना तीन तास चालत असेल तर खायचं काय?

शेवगा
दोघंही शाकाहारी. सासूबाई दशम्या आणि चटणी घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

निवडुंग_८५
बाहेरचं खाणं आत नेण्याचे नियम पार्कागणिक वेगळे आहेत, तिकीट काढतानाच त्या त्या पार्कच्या पानावर बघून घ्या. पिशवी बहुतेक ठिकाणी पारदर्शकच लागते. सामना आता तीन तास चालत नाही, २०२३ पासून पिच क्लॉक आलंय, पिचरला ठरावीक सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो, त्यामुळे अडीच-पावणेतीन तासांत आटपतं. खेळ चांगलाच चटपटीत झालाय त्याने.

ऊन मात्र गंमत नाही. मार्चमध्ये पंचवीस-तीस डिग्री, कोरडं, घाम येत नाही म्हणून कळत नाही, पण दुपारी एकच्या सामन्यात उघड्यावर बसलं तर वयस्कर माणूस थकतो. मुलाला आउटफिल्डच्या पलीकडे गवताच्या उतारावर पाठवा, लॉनचं तिकीट स्वस्त, पोरं तिथे होमरनच्या चेंडूमागे पळत असतात. आजीआजोबांना होमप्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे वरच्या रांगांत बसवा, छपराची सावली तिथे लवकर येते. सॉल्ट रिव्हर फील्ड्सला सावली सगळ्यात जास्त. टोपी, पाणी, सनस्क्रीन विसरू नका.

तळेगावची_गाडी
इतकी चर्चा झाली आणि रिंकू सिंग, दिनेश पटेल यांचं नाव कुणी काढलं नाही? २००८ साली भारतात वेगाने चेंडू फेकण्याची स्पर्धा झाली होती, त्यातून निवडलेली उत्तर प्रदेशातली दोन मुलं. दोघंही भालाफेक करणारी, त्याआधी बेसबॉल हातात धरलेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पायरट्सने दोघांशी करार केला, अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळालेले पहिले भारतीय. २००९ चा सराव ब्रॅडेंटनलाच, टांपाकर म्हणतात त्याच गावात. मेजर लीगपर्यंत कुणी पोचलं नाही, पण रिंकू डावखुरा पिचर म्हणून मायनर लीगमध्ये बरीच वर्षं टिकला, नंतर कुस्तीच्या शोमध्ये गेला. गावातल्या शेतातून थेट त्या हिरव्या मैदानावर, भाषा येत नाही, खेळ माहीत नाही, आणि पहाटे उठून पीएफपी! मला त्या दोघांबद्दल फार आदर आहे.

टांपाकर
वा, छान आठवण काढलीत. पायरेट सिटी नावाचा तो सरावाचा परिसर ब्रॅडेंटनला अजून आहे.

पाटकरी
थोडं अवांतर. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, मुलीकडे फीनिक्सला येत असतो. बेसबॉल मला जावयामुळे कळायला लागला, पण मेसातल्या एका पार्काचं नाव ‘होहोकाम स्टेडियम’ वाचलं आणि चौकशी केली. होहोकाम म्हणजे इथले प्राचीन रहिवासी, हजार वर्षांपूर्वी यांनी सॉल्ट नदीतून शेकडो मैल कालवे खणले होते, लाकूड-दगडाच्या अवजारांनी, ना जनावर ना चाक. आणि उतार इतका अचूक की एकोणिसाव्या शतकात गोरे लोक आले तेव्हा त्यांनी तेच कालवे साफ करून पुन्हा पाणी सोडलं. राखेतून उठणाऱ्या फीनिक्स पक्ष्यासारखं जुन्या वस्तीच्या अवशेषांतून नवं शहर उभं राहील म्हणून फीनिक्स नाव. मेसात ‘पार्क ऑफ द कॅनाल्स’ आहे, तिथे जुन्या कालव्यांचे भाग जपून ठेवलेत. मी तिथे उन्हात दोन तास उभा होतो. आयुष्य कालव्यांत गेलेल्या माणसाने हे बघायलाच हवं असं मला वाटतं. ताई, सांगलीच्या माणसांना कृष्णेचं पाणी आणि त्याचं वाटप काय असतं ते माहीत आहे, सासऱ्यांना नक्की दाखवा.

निवडुंग_८५
काका, सुंदर प्रतिसाद. यात भर घालतो, सॉल्ट रिव्हर फील्ड्स हे पार्क सॉल्ट रिव्हर पीमा-मारिकोपा या मूळ रहिवासी समाजाच्या स्वतःच्या जमिनीवर आहे. २०११ मध्ये उघडलं, मूळ रहिवाशांच्या जमिनीवर मेजर लीगच्या सरावाचं ते पहिलंच पार्क. पीमा लोक स्वतःला त्या कालवे खणणाऱ्यांचे वंशज मानतात.

चिमणचारा
काय धागा झालाय! बेसबॉलचा ब कळत नाही पण सगळं वाचलं. वाचनखूण साठवली.

उगाच_आपला
एक विचारतो, ही सगळी पार्कं बांधायला पैसे कुणी दिले? बहुतेक ठिकाणी गावांनी, म्हणजे करदात्यांनी. मेसाचं स्लोन पार्क घ्या, शिकागोचा कब्ज संघ, ते फ्लोरिडाला जातो म्हणाले तेव्हा २०१० मध्ये मतदान घेऊन मेसाच्या लोकांनी पैसे मंजूर केले. महिनाभराच्या सामन्यांसाठी!

दुसरी_इनिंग
मी त्या मतदानात ‘हो’ म्हटलेल्यांपैकी आहे आणि आजही म्हणेन. कब्ज मेसाला १९५२ मध्ये पहिल्यांदा आले, मधली काही वर्षं सोडली तर गावाची ओळखच ती आहे. त्याआधी ते सरावाला कुठे जायचे माहितेय? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या कॅटलिना बेटावर, कारण संघाचा मालक रिग्ली आणि बेटही त्याच्याच मालकीचं. स्लोन पार्क १५ हजारांचं आहे, स्प्रिंगच्या पार्कांत सगळ्यात मोठं, आणि मार्चमध्ये शिकागोहून आलेल्या माणसांनी भरलेलं असतं, तिकडे बर्फ असतो ना तेव्हा. तेवढ्या लोकांमुळे गावातली छोटी हॉटेलं, दुकानं महिनाभर चांगली चालतात. पण खर्चाबद्दल गावांनी कडक हिशेब मागावा हे तुमचं मान्य, काही गावांना कर्ज जड गेलेलं आहे.

उगाच_आपला
हे उत्तर आवडलं. माझं मत थोडं हललंय, पण हॉटेलचे दर सोडून.

शेवगा
सगळ्यांचे मनापासून आभार! मी हा धागा काल रात्री सासऱ्यांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तिथे अंपायर कुठे उभा राहतो?” मी म्हटलं कॅचरच्या मागे वाकून. तर म्हणाले, म्हणजे चेंडू सरळ त्याच्या तोंडावर येतो की! आता त्यांना अंपायरचंच सगळं जाणून घ्यायचंय. कुणी सांगेल का?

निवडुंग_८५
वा! मग त्यांना अगदी योग्य काळात आणताय. प्लेटच्या मागचा अंपायर प्रत्येक चेंडू स्ट्राइक (हद्दीतून गेलेला) की बॉल (हद्दीबाहेरचा) ते ठरवतो, म्हणजे सामन्यात अडीचशे-तीनशे चेंडू त्याच्या नजरेखालून जातात. होमप्लेट १७ इंच रुंद, आणि उंचीची हद्द बॅटरच्या अंगावरून ठरते, साधारण गुडघ्याच्या पोकळीपासून छातीच्या खालपर्यंत. चेंडू साडेसाठ फुटांवरून येतो, म्हणजे बोलरच्या हातातून बॅट्समनपर्यंत क्रिकेटमध्ये जेवढं अंतर असतं जवळपास तेवढंच, पण टप्पा नाही, सगळी वळणं हवेतच.

आणि आता नवीन आलंय ते ऐकून काका खूश होतील. २०२५ च्या स्प्रिंगमध्ये चॅलेंजची पद्धत करून बघितली आणि २०२६ पासून मुख्य हंगामात आली. अंपायरने निर्णय दिला की लगेच बॅटर, पिचर किंवा कॅचर यांच्यापैकीच कुणीतरी टोपीवर किंवा हेल्मेटवर हात मारायचा, डगआउटमधून, म्हणजे संघ बसतो तिथून, कुणी खूण करून सांगायचं नाही. मग मोठ्या पडद्यावर चेंडू हद्दीतून गेला की नाही ते दिसतं. प्रत्येक संघाला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. कॅमेरे हॉक-आयचेच, आपल्या डीआरएसमध्ये असतात तेच.

लेग_बाय
हॉक-आय! म्हणजे काका तिथे गेले की पहिल्या इनिंगपासूनच घरी.

यात एक विचारतो, डीआरएसमध्ये ‘अंपायर्स कॉल’ असतो तसं आहे का? चेंडू कडेला थोडासा लागला तर?

निवडुंग_८५
नाही. हद्दीला चेंडूचा कण जरी लागला तरी स्ट्राइक. हद्द प्रत्येक बॅटरच्या मोजलेल्या उंचीवरून काढतात, वरची कड उंचीच्या साडेत्रेपन्न टक्क्यांवर, खालची सत्तावीस टक्क्यांवर. त्यासाठी सगळ्यांची उंची स्प्रिंगमध्ये बिनबुटांची मोजून घेतली जाते.

सातबारा
माझं यावर वेगळं मत. चांगला अंपायर खेळाचा भागच असतो, प्रत्येक चेंडू यंत्राने ठरवायला लागलो तर कॅचर जे कसब वापरून कडेचा चेंडू अलगद धरतो ते मरेल. त्यामुळे फक्त चॅलेंज ठेवलं, बाकी सगळं माणसावर सोडलं, हे मला योग्य वाटतं.

शेवगा
मुलगा शेजारी बसून वाचतोय आणि सह्यांबद्दल विचार म्हणतोय. सह्या मिळतात का खरंच?

दुसरी_इनिंग
मिळतात बाळा. दार उघडायच्या वेळेलाच आत जा, डगआउटच्या आउटफिल्डकडच्या टोकाशी कठड्याला उभा राहा, धक्काबुक्की करू नकोस, खेळाडूला नावाने आणि ‘मिस्टर’ लावून हाक मार. चेंडूवर सही घ्यायची तर निळं बॉलपेन ने, मार्करची शाई चामड्यावर पसरते. कार्डासाठी मात्र मार्करच. आणि ९४ नंबरवाल्यालाही माग, तो थांबून तुझ्याशी बोलेल.

शेवगा
त्याने सगळं वहीत लिहून घेतलं, खरंच! बरं, ठरलं असं: दोन सामने स्कॉट्सडेलला, मैदानापासून जुनं गाव चालत जाण्याजोगं आहे म्हणून सासूबाईंना तिथे दुकानं आणि रस्ते बघता येतील. एक अख्खा दिवस सॉल्ट रिव्हर फील्ड्स, सकाळी बॅकफील्ड आणि दुपारी सावलीतला सामना. एक सकाळ पाटकरीकाकांचे कालवे. हॉटेल थोडं लांब, टेंपीकडे घेतोय, दर निम्म्यावर आले. @उगाच_आपला, तुमच्यामुळे दर नीट शोधले, आभार.

सासऱ्यांचा आणखी एक प्रश्न राहिलाय. बॅटरने बॅट अर्धी फिरवून थांबवली तर ती फिरवली धरायची की नाही ते कोण ठरवतं? मागच्या अंपायरला ते नीट दिसत नसणार असं ते म्हणतात.

निवडुंग_८५
बरोबर ओळखलंय त्यांनी. प्लेटचा अंपायर स्वतः निर्णय देऊ शकतो, पण त्याने ‘बॉल’ दिला तर कॅचर अपील करायला सांगतो, मग तो बेसवरच्या अंपायरकडे बोट करतो. बॅटर उजवा असेल तर पहिल्या बेसच्या अंपायरकडे, डावा असेल तर तिसऱ्या. कारण बॅट पुढे किती गेली ते बाजूनेच कळतं. या निर्णयावर चॅलेंज नाही.

लेग_बाय
म्हणजे स्क्वेअर लेग अंपायर! शेवगाताई, सासऱ्यांना सांगा तिकीट पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या रांगेतलं घ्या म्हणून, त्यांनाही निर्णय देता येईल. आल्यावर वृत्तांत लिहा हां.

शेवगा
तिसऱ्या बेसची सावलीतली काढली आत्ताच. वृत्तांत नक्की लिहीन.